सातवं नाव

रविवार, १ मार्च

ठरलं. हिमालय!

महेशने जेवताना जाहीर केलं. शेहेचाळीस वर्षांचा झाला, बँकेत साहेब झाला, पण जाहीर करायची पद्धत तीच — आधी भाताचा ढीग करायचा, त्यात खड्डा करायचा, आमटी ओतायची आणि मग बोलायचं. मे महिन्यात हरिद्वार, मसुरी, चोपता. नऊ दिवस. समोर बर्फाची शिखरं. राजसीची बारावी संपतेय, समर्थची शाळा बंद, नेत्राने आधीच सुट्टी टाकलेली. म्हणजे नवरा-बायकोचं आठवड्यापूर्वीच ठरलं होतं, आम्हाला आज कळलं. चालायचंच.

आई म्हणाली, डोंगर उतरून तर आपण इकडे आलो, आता परत चढायला पैसे द्यायचे? सातारा सोडून पन्नास वर्षं झाली तरी तिचं हे चालूच. मग पाच मिनिटांनी तिनेच हळूच विचारलं — तो बर्फ हाताला लागतो का, की लांबूनच बघायचा?

प्लॅनिंग माझ्याकडे. 'ताई, तुला जमतं हे सगळं.' जमतं खरं. म्हणूनच माझ्या गळ्यात पडतं.

मंगळवार, ३ मार्च

नेत्राची आईही येणार. म्हणजे आम्ही सात.

रविवार, ८ मार्च

गाडीचं बुकिंग साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. पावणेआठपासून मोबाईल धरून बसले. महेश झोपलेला. आठ वाजले, नावं भरायला घेतली. आई. महेश. नेत्रा. राजसी. समर्थ. नेत्राची आई. सातव्या नावाला मोबाईल पुढेच जाईना! तेव्हा आठवलं — एका तिकिटावर सहाच नावं बसतात. हे मला माहीत होतं. तरीही मी पानं वाढताना मोजते तसंच मोजलं. सगळ्यांची पानं मांडायची, वाढणारी नंतर बसेल.

सहांचं कन्फर्म झालं. मग माझं एकटीचं वेगळं तिकीट काढायला गेले, तोवर आठ वाजून सहा मिनिटं. वेटिंग चौदा.

एकोणतीस वर्षं अंबरनाथ एमआयडीसीत डिस्पॅच सांभाळते. ट्रक निघण्याआधी मालाचे ड्रम दोनदा मोजते. एकही ड्रम कधी कमी गेला नाही. आज मीच कमी गेले. चार आणि तीन अशी दोन तिकिटं दोन मोबाईलवरून एकदम काढायची — हे आता सुचतंय!

महेश उठल्यावर म्हणाला, चौदा म्हणजे काहीच नाही, सहज होईल.

आज महिला दिन. व्हॉट्सॅपवर सकाळपासून गुलाब येतायत.

सोमवार, १६ मार्च

वेटिंग चौदा.

कैलास सरांनी रजेवर सही केली. म्हणाले, 'मॅडम, सलग नऊ दिवस? तब्येत बरी आहे ना?' 'फिरायला जातेय,' म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

शनिवार, २८ मार्च

वेटिंग अकरा.

आई रोज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात चालते. गुडघ्यांना सवय हवी म्हणे. आधी दोन फेऱ्या, आता आठ. सोबत खालच्या मजल्यावरच्या मोतीबाई. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट — ते तिने बदलापूर स्टेशनजवळ स्वतः घासाघीस करून आणले. कॉलेजची पोरं बघून हसतात. ती त्यांना हात दाखवते.

मी तिला बाबा गेल्यापासून इतक्या उत्साहात पाहिलं नव्हतं. बाबांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा महेश कॉलेजात होता आणि मी नुकतीच नोकरीला लागलेली. पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. घराघरांत असतं तसंच.

रविवार, ५ एप्रिल

उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन. स्वेटर आणि जाकिटं घ्यायला मी आणि राजसी. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आम्ही लोकरीच्या टोप्या घालून आरशात बघतोय! दुकानदार धर्मेश, सिंधी, आमच्या जुन्या ओळखीचा. 'एक्सपोर्ट का माल आहे ताई, बाहर जाणार होता, ऑर्डर कॅन्सल झाला.' त्याच्याकडे सगळ्या मालाची ऑर्डर कॅन्सल झालेली असते.

मी सहा जाकिटं काढायला सांगितली. तो मापं घेत गेला, मग विचारलं, 'और आपका?' म्हटलं, माझं तिकीट वेटिंगमध्ये आहे, झालं की येईन. तो हसला. 'अरे ताई, वेटिंगवाले को भी ठंड लगती है.'

राजसीने माझ्यासाठी मरून रंगाचं काढलं. मी परत ठेवलं. तिने परत काढलं. शेवटी घेतलं. कपाटात ठेवलंय, पिशवीतून न काढता.

मंगळवार, १४ एप्रिल

वेटिंग नऊ. सहांच्या हॉटेलच्या खोल्या झाल्या, दोन-दोन-दोन. माझ्यासाठी जादा गादी. महेश म्हणाला, 'तुझं झालंच तर आईच्या खोलीत टाकू.'

झालंच तर!

रविवार, १९ एप्रिल

आज जेवणं झाल्यावर विषय निघाला. मी म्हटलं, नाहीच झालं तर दिल्लीपर्यंत विमानाने येते, पुढे बस असते. पैसे माझे मी भरीन. महेशने मान हलवली. 'एकटी कशी येशील तू?' मी रोज इथून, शिरगावहून निघून दोन रिक्षा बदलून एमआयडीसीत जाते ती कोणाबरोबर जाते, हे विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

मग नेत्रा म्हणाली, तसं बघायला गेलं तर एक माणूस घरी असलेलं बरंच आहे. मे महिन्यात पाणी नसतं, टँकर कधीही येतो, कुणी वर टाकी भरून घेतली नाही तर परत आल्यावर हाल. शिवाय तिच्या कुंड्या.

नेत्रा वाईट नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे कधी वाचलं तर तसं वाटेल. ती जे दिसतं ते बोलते, आणि तिला मी घरात दिसते. वीस वर्षं घरातच दिसलेय.

आई खाली बसून लसूण सोलत होती. एक पाकळी सोलायला तिला आज फार वेळ लागत होता.

रात्रीची भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की मला जायचंय. आधी कळलंच नव्हतं. वेटिंगचा आकडा रोज बघत होते तो शेअरबाजार बघावा तसा. पण मला जायचंय. फार जायचंय. हे इथेच लिहिते, बाहेर कोणाला सांगायची सोय नाही.

सोमवार, २७ एप्रिल

वेटिंग सहा.

गुरुवार, ३० एप्रिल

वेटिंग सहा. नेत्राने मला कुंड्या दाखवल्या. कुठल्या झाडाला रोज, कुठल्याला एक दिवसाआड. मी लिहून घेतलं. लिहून काय घेतलं? सवय!

रविवार, ३ मे

सहाच. आई राजसीला खोलीत घेऊन बसली होती, दार लोटून. मी गेल्यावर दोघी गप्प. आजी-नातीचं काहीतरी गुपित. म्हटलं असेल, जाण्याच्या आनंदात आहेत.

मंगळवार, ५ मे

वेटिंग पाच. गाडी परवा सकाळी. आता होत नाही. मरून जाकीट राजसीच्या मैत्रिणीला देऊन टाकावं.

संध्याकाळी कामावरून आले तर आई घरात नाही. तासाभराने आली, मोतीबाईंच्या खांद्याला धरून, घामाघूम, ते पांढरे बूट घालून. कुठे गेली होतीस? 'देवळात.' देवळात बूट घालून? 'बाहेर काढले होते,' म्हणाली आणि पाणी मागितलं.

बुधवार, ६ मे

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

बॅगा भरून झाल्या होत्या. मी चटणी-पोळ्यांचे डबे बांधत होते. सहांचे. रात्री साडेआठनंतर मोबाईल वाजला. चार्ट लागला होता. माझं तिकीट — कन्फर्म! बर्थ नंबरसकट. आधी खोटं वाटलं. दोनदा वाचलं. मग मी ओरडले, खरंच ओरडले. समर्थ उड्या मारायला लागला. महेश म्हणाला, बघ, मी म्हटलं नव्हतं? नेत्रासुद्धा मनापासून हसली. राजसीचा चेहरा मात्र पांढरा पडला. ती आजीकडे बघत होती.

आई पलंगावर बसलेली. म्हणाली, 'असं कसं होईल? मी तर काल बदलून आले.'

काय बदलून आलीस? तिने उशीखालून घडी घातलेला कागद काढला. सहांच्या तिकिटाची प्रत. त्यावर आईचं नाव, अंजनी, खोडलेलं आणि तिथे माझं, संजीवनी. खाली शिक्का आणि सही.

मग राजसीनेच सगळं सांगितलं. आजीने तिला विचारलं होतं, माझी जागा आत्याला देता येते का? राजसीने मोबाईलवर नियम वाचून दाखवला — कन्फर्म जागा घरच्या माणसाला देता येते, चोवीस तास आधी, खिडकीवर जाऊन, नात्याचा पुरावा दाखवून. आई मुलीला देऊ शकते. फायलीतून माझ्या आधारची झेरॉक्स काढली, रेशनकार्ड घेतलं, आणि काल संध्याकाळी दोघी म्हाताऱ्या शेअर रिक्षाने स्टेशनला. रांगेत पाऊण तास उभ्या.

'भाऊ पण बहिणीला देऊ शकतो,' राजसी हळू आवाजात म्हणाली. महेश पंख्याकडे बघत होता.

म्हणजे आता माझ्या नावावर दोन जागा आणि आईच्या नावावर एकही नाही. महेशने कस्टमर केअरला फोन लावला. बदल एकदाच होतो, परत फिरवता येत नाही, आणि वेळही निघून गेलेली. नवीन तिकीट नाही, काही नाही. त्याने पंधरा मिनिटं इंग्रजीत वाद घातला. पलीकडचा माणूस तेच वाक्य बोलत राहिला.

मला राग आला. भयंकर. मला न विचारता? दोन महिने गुडघे दुखवून घेतले, आठाच्या बारा फेऱ्या केल्या, त्या कशासाठी? एक दिवस थांबली असतीस तर! मी हे सगळं मोठ्याने बोलले. या घरात माझा आवाज एवढा चढलेला कुणी ऐकला नसेल.

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'कामाला लागलीस तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस. बाबा गेल्यावर तुला दोन स्थळं आली होती. मीच परत पाठवली. महेशचं शिक्षण व्हायचं होतं. तुला सांगितलंसुद्धा नाही.'

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, स्थळंच आली नाहीत.

समर्थ हळूच बाहेर गेला. मी म्हटलं, मी जात नाही. मी राहते तुझ्याजवळ. आई म्हणाली, 'मग मी काल तिथे कशाला गेले होते?' आणि मग, 'तू राहिलीस तर दोन्ही जागा वाया. तूच मोज. तुझं कामच आहे ते.'

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ती मागून आली नाही, हे बरं केलं. तिच्यावर माया आली की राग, हे मला अजून सांगता येत नाही. दोन्ही आहेत. एकाने दुसरं कमी होत नाही.

मोतीबाई नऊ दिवस वर झोपायला येणार आहेत. टँकरचंही त्या बघतील. नेत्रा कुंड्यांचं सांगायला लागली, मग गप्प बसली.

गुरुवार, ७ मे

गाडीत. निघताना आई दारात आली नाही. आतूनच म्हणाली, पोचल्यावर फोन कर.

समोरासमोर दोन बर्थ, दोन्हींवर माझं नाव. एकावर मी. दुसरा आईचा, रिकामा.

नाशिक सुटल्यावर टीसी आला. बरोबर एक बाई उभ्या, आरएसीवाल्या, म्हणजे एका बर्थवर दोघांत मिळून अर्धीच जागा मिळालेल्या. टीसी म्हणाला, एका माणसाला दोन जागा नियमात बसत नाहीत, ही यांना देऊ या. नेत्रा म्हणाली, द्या ना ताई, रिकामीच तर आहे. महेशही म्हणाला.

मी नाही म्हटलं.