पुठ्ठ्यातली सवत

नॉरिच, १७ ऑक्टोबर १७६२

मिस्टर थर्लबी,

तुमच्या त्या अ‍ॅलिसचा मला मनस्वी राग येतो. मरून तीनशे वर्षं झाली तिला! बांधणीवाल्यानं रद्दी म्हणून जुन्या ग्रंथाच्या पुठ्ठ्यात चिकटवलेलं तिचं पत्र तुम्ही वाफ देऊन सोडवलंत, आणि काल पाहुण्यांपुढे पाणावल्या डोळ्यांनी वाचलंत, "मीठ संपलंय. घरी या."

वर म्हणालात, "नवऱ्यावर काय जीव होता हो या बाईचा!"

तुम्ही लंडनला पुस्तकं धुंडाळत होतात तेव्हा मीही पत्रं लिहिली होती. चौदा. ती कुठे आहेत म्हणून विचारलं, तर म्हणालात, "अगं, कागद चांगला जाड होता. बांधणीवाल्याला दिला, पुठ्ठे भरायला."

म्हणून हे पत्र तुमच्या हाती देतच नाही. उद्या बांधणीवाला येईल, त्याच्या रद्दीत सरकवीन. तीनशे वर्षांनी तुमच्यासारखाच कुणी वेडा ते अलगद सोडवेल, आणि वाचताना त्याचे डोळे भरून येतील.

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला माझा एवढाच निरोप: बाई गं, माझा राग राग करू नकोस.

तुमच्याच घरात राहणारी,
लेटिस