खांदा, उखळ आणि डब्यातली पूड

सुवा, ४ मे

ती. मेरेओनीताईस,
सेमेसाचा सा. न. वि. वि.

बोटीने डबा धाडलाय. वर ‘झटपट कावा’ लिहिलंय, पण आहे आपली यांगोनाच. मुळांचा रस काढून वाळवलेली पूड. पाण्यात चमचाभर टाकायची, ढवळायची, झालं. रोज बाबांसाठी मुळं कुटून तुझा खांदा कामातून गेला, डॉक्टरांचंही तू ऐकत नाहीस. आणि एवढं करून प्यायचं काय, तर फडक्यातून पिळलेलं गढूळ पाणी, त्यात कोणाकोणाची बोटं. इथे शहरात, गोदीवर असलं आता कोणी तोंडाला लावत नाही. लग्नाला, मयताला कुटा हवं तर. रोजच्याला हेच बरं.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा सेमेसा

कंदावू, १२ मे

चि. सेमेसास, अ. आ.

डबा पोचला. आधी दंतमंजन वाटलं. वर बाई हसतेय. यांगोना पिऊन माणूस सुस्तावतो, असं कोणी हसत नाही, हे छापणाऱ्याला ठाऊक नसावं. तरी खांदा उचलेना म्हणून वापरली. जीभ बधिर होते, एवढं कबूल. बाबांनी करवंटी रिकामी केली, पिऊन झाल्यावरची रिवाजाची टाळी काही वाजवली नाही. हे कशावरचं औषध, म्हणून विचारलं.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. कुटण्याचा आवाज थांबला तशी संध्याकाळची माणसं यायची थांबली. आमच्याकडची यांगोना संपली, उगाच जाऊन लाजवायचं कशाला, असं त्यांना वाटतं. थोरले काकाही येत नाहीत. होडीच्या इंजिनावरून त्यांनी बाबांशी बोलणं टाकलं, तरी रोज यांगोनाच्या त्याच काथवटीशी येऊन बसायचे. भावांमध्ये तेवढंच उरलं होतं. आता बाबा उजेडीच पितात आणि भिंतीकडे तोंड करून निजतात. उरलेल्या संध्याकाळचं काय करायचं, ते तुझ्या डब्यावर लिहिलेलं नाही.

सुखी राहा, आठवण ठेव.
मेरेओनी

सुवा, २० मे

ती. ताईस सा. न.

माणसं आवाजाशिवाय येत नसतील तर निरोप धाड. काका तर पहिल्यापासून आडमुठे. मी गोदीवरची पाळी संपवून घरी येतो, मोरीपाशी उभ्याउभ्या एक पेला पितो आणि झोपतो. कोणाची वाट बघावी लागत नाही. खांद्याचं मात्र कळव.

माया असू दे.
सेमेसा

कंदावू, ९ जून

चि. सेमेसास, अ. आ.

निरोप धाडला होता. मंजन प्यायला येत नाही, असं काकांनी उलट कळवलं.

मग परवा बाबांनी स्वतःच मुसळ उचललं. हातात जोर राहिला नाही, घाव मुळांऐवजी उखळाच्या काठावर. मी अडवलं तर माझ्यावरच खेकसले. तेवढ्यात वाटेवर काका दिसले. उभे राहून बघत होते. मग आत आले, मुसळ ओढून घेतलं आणि म्हणाले, की इतकं वाईट कुटताना त्यांनी जन्मात कोणाला पाहिलं नाही. इंजिनानंतरचा हा पहिला शब्द. बाबा म्हणाले, ज्याने दुसऱ्याचं इंजिन खडकावर घातलं त्याने शिकवू नये. मला वाटलं आता मारामारी. पण दोघे भांडत राहिले आणि काथवट भरत राहिली. मी आत भांडी घासत बसले, मुद्दाम सावकाश.

आता काकाच येऊन कुटतात. जाडंभरडं कुटतात, बाबा ते रोज ऐकवतात. माझा खांदा पुष्कळ बरा आहे. एकमत म्हणशील तर त्यांचं एकाच गोष्टीवर आहे, तुला नावं ठेवण्यावर. नाताळला येऊन समोर बसून ऐक. रजा मिळत नाही हे मला सांगू नकोस.

वाट बघतेय, त्यातच माझा लोभ समज.
मेरेओनी