तीन हॅनराहन आणि एक आई

ती. गुरुदत्तकाकांना चारुदत्तचा साष्टांग नमस्कार. (इथं जमिनीवर गालिचा असल्यामुळे साष्टांग घालणं भोरच्या फरशीपेक्षा बरंच सोपं जातं.) तुमचा गुडघा कसा आहे? आणि त्या गुडघ्यावरचा काकूंचा राग कसा आहे? इकडे सुनेत्राची तब्येत उत्तम. डॉक्टरांनी बाळंतपणाला जूनचा सुमार सांगितलाय. त्याच्या आत आई इथं यायला हवी, एवढी एकच काळजी सध्या घरात आहे आणि हे पत्र त्यापायीच आहे.

आईचा व्हिसा अडकलाय हे तिनं तुम्हाला सांगितलं असेलच, पण ‘काही नाही हो, कागदाचं काहीतरी आहे’ असं सांगितलं असेल. ते काहीतरी असं: तिच्या शाळेच्या दाखल्यावर आहे फलटणची वसुधा आणि पासपोर्टवर आहे आपल्या घरची मृणालिनी. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत खिडकीमागच्या साहेबाला प्रश्न पडला की या दोन बायका कोण? आता आपल्याकडे हे कुणी विचारत तरी का? लग्न झालं की मुलीचं आडनाव जातं, बापाच्या जागी नवरा येतो आणि सासरची हौस म्हणून पहिलं नावही जातं. पाटी पुसावी तशी पुसतात बाईला आणि वर पेढे वाटतात. आईनं हे त्याला हसत हसत सांगितलं म्हणे. तो हसला नाही.

तेव्हा श्रीरंग (माझा मित्र, स्टेट कॉलेजला शिकवतो आणि रविवारी आमच्याकडे आमटी ओरपतो) म्हणाला, अरे यार, तुमच्या टिम हॅनराहनला गाठ, असली कामं तोच करतो. आता आमचं हे पेनसिल्व्हेनियातलं गाव म्हणजे आयरिश लोकांचं. कोळशाच्या खाणींसाठी त्यांचे पणजे इथं आले, खाणी संपल्या, पण मंडळी राहिली आणि निवडणुका लढवायला लागली. मी फोनबुक उघडलं तर हॅनराहनांची रांग. त्यातल्या पहिल्याच टिमथीला, म्हणजे टिमला, मी देवाचा कौल समजलो.

तो निघाला न्यायाधीश. मी सकाळभर कोर्टात, जोरात गाडी चालवणाऱ्यांच्या रांगेत बसलो. माझी पाळी आल्यावर तो बिचारा समोरच्या कागदांत माझा गुन्हा शोधत राहिला, आणि काका, खरं सांगतो, हळूहळू मलाही वाटायला लागलं की काहीतरी केलं असणार आपण. शेवटी मी आईची हकीकत सांगितली. त्यानं ती अगदी शांतपणे ऐकली आणि म्हणाला, मुंबईवर माझा हुकूम चालत नाही, तुम्हाला दुसरा टिम हवा.

दुसरा टिम! मी म्हटलं, हे भाऊबंद दिसतात. एक गाव, एक आडनाव, म्हणजे बांधावरून भांडण असणारच. म्हणून दुसऱ्याकडे गेलो तेव्हा आधीच सांगून टाकलं की न्यायाधीशांकडे मी तुमच्याविषयी अवाक्षर काढलेलं नाही. तो गोंधळून बघायलाच लागला. तो होता कॉरोनर, म्हणजे कोण कशानं मेलं ते ठरवणारा सरकारी माणूस. (हाही इथं निवडून येतो. प्रचारात काय आश्वासन देत असेल देव जाणे.) मला त्याचा हुद्दा कुठे ठाऊक! मी सुरुवात केली की माझ्या आईला इकडे आणायचंय, ती मुंबईत अडकलीय, कागदपत्रं होत नाहीत आणि माझ्या बायकोचे दिवस भरत आलेत. त्यानं उठून माझा हात हातात घेतला. पाणी दिलं. विमानानं आणायची सोय होते म्हणाला, आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, कधी झालं? मी म्हटलं, अहो, परवाच फोनवर मला स्वेटर घाल म्हणून ओरडलीय ती! मग आम्ही दोघंही एवढे हसलो की शेजारच्या खोलीतली कारकून बाई दारात येऊन उभी राहिली.

या टिमांची गल्लत पुन्हा होऊ नये म्हणून मी आपल्या पद्धतीनं वडिलांचं नाव विचारलं. आपल्याकडे मधलं नाव आलं की माणूस पक्का होतो ना! तर याच्या वडिलांचं नाव टिमथी. न्यायाधीशाच्याही वडिलांचं टिमथी. नात्याचा मात्र पत्ता नाही, बांध नाही, भांडण नाही. उलट सतरा मार्चला, आयरिश लोकांच्या सेंट पॅट्रिकच्या सणाला, मिरवणुकीत तिघं टिम (हो, तिसराही आहे) एकाच मोटारीतून हात हलवत जातात. आणि यांची जातकुळी आपलीच, काका! घरातलं नाव घरातच फिरवायचं. ते ऐकलं आणि मला आपलं भोर डोळ्यांसमोर आलं. विहिरीवरचे एकनाथराव, पोस्टातले एकनाथराव आणि नुसतेच एकनाथराव. नुसत्यांचं पत्र विहिरीवर गेलं तरी संध्याकाळपर्यंत वाचून, उत्तर काय द्यावं त्या सल्ल्यासकट घरी यायचं. परक्या गावात, मयताचे दाखले देणाऱ्याच्या ऑफिसात बसून मला भोरची एवढी आठवण यावी! त्या भल्या माणसानं पुन्हा पाणी दिलं.

तिसरा टिम एकदाचा खरा निघाला. वॉशिंग्टनला निवडून गेलेला, म्हणजे इथला खासदारच, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा. मी तावातावानं म्हणालो, साहेब, तुम्ही तीन माणसं एका नावावर सुखानं राज्य करता आणि माझी एकटी आई दोन नावांमुळे दारात उभी आहे, हा कुठला न्याय? तो भुवया वर करून बघत राहिला. मग म्हणाला, मी वकिलातीला पत्र देतो, पण ते नाव बदलताना प्रत्यक्ष पाहिलेला एक तरी साक्षीदार हवा. कोण आहे?

काका, मी त्याच्यासमोर बसून आठवत गेलो. आजी नाही, आजोबा नाहीत, बाबा नाहीत. फलटणचे मामा गेले. ज्या नावासाठी एवढा खटाटोप केला तेही कुणी घेतलं नाही. आजी ‘सूनबाई’, बाबा ‘अगं’, तुम्ही ‘वहिनी’, मी ‘आई’. मला फार वाईट वाटलं, खरंच. या महिन्यात ती दोन्ही नावं मी जितक्यांदा उच्चारली तितक्यांदा तिनं अख्ख्या संसारात ऐकली नसतील.

सुनेत्राचा तुम्हा उभयतांना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
चारुदत्त

ता. क. लग्नात तांदळाचं ताट तुमच्या हातात होतं, आणि अंगठीनं ‘मृणालिनी’ गिरवलं गेलं ते तुम्हीच सुचवलं म्हणून, असं आई म्हणते. (बारा वर्षांच्या पोराला कुणी विचारलं होतं?) तेव्हा या आठवड्यात पुण्याला जाऊन वकिलासमोर प्रतिज्ञापत्र करा की या दोन्ही बायका म्हणजे तुमची एकच वहिनी. आता दुसरं कुणी उरलेलं नाही, काका.

ता. क. दुसरा. काल आईला फोन केला तेव्हा विचारलं, मुलगी झाली तर नाव काय ठेवू? ती म्हणाली, वसुधा. मी म्हटलं, अगं, आजी हयात असताना तिचं नाव नातीला ठेवतात का? तर म्हणाली, ठेव रे, ते कुठं वापरात आहे माझ्या!