पाफोसचं ऊन आणि आपली घरपट्टी

विनी,

तुझा विश्वास बसणार नाही, कुणाचाच बसणार नाही, पण सायप्रसच्या पाफोस गावात मी हे या डोळ्यांनी पाहिलंय. काल मी तोंड उघडायच्या आत तू खोलीचं दार लावून घेतलंस, म्हणून लिहून ठेवतोय.

इथे व्हिटबीत आपण महिन्याला जेवढी घरपट्टी भरतो, तेवढ्यात तिकडे राहायला गेलेल्या आपल्या डेस्मंडचं अख्खं वर्ष निघतं. पेन्शनवरचा कर विचारायला गेलो, तर कारकुनाने आधी कॉफी मागवली आणि मग आकडा इतका हळू सांगितला, जणू घेताना त्यालाच लाज वाटत होती. लिंबं कुणी विकत घेतच नाही. खिडकीतून हात बाहेर काढला की झालं! आणि ऊन काय सांगू? ऐन जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं उकळतं, की मी थेट नळाखाली कप धरून आठ दिवस चहा प्यायलो. अंगावर सदरासुद्धा नकोसा व्हायचा.

हे घर विकून तिकडेच राहायला जाऊ; चार वाजता घराचा एजंट येईल. विक्रीच्या कागदावर मी सही केलीय, तुझी राहिलीय. तुला मोकळेपणी विचार करता यावा म्हणून मी बंदराच्या धक्क्यावर जातोय.

सिरिल

सिरिल,

कपडे धुवायला तुझी बॅग उपसली. तळाशी दोन जाड लोकरी स्वेटर निघाले, पाफोसच्या दुकानाची चिठ्ठी अजून लटकतेय. खोटारड्या म्हाताऱ्या, कुडकुडत होतास तिथे! आणि दुसरा स्वेटर माझ्या मापाचा आहे. एजंटला उद्या बोलावलंय. आधी घरी ये आणि खरं सांग, थंडी किती आहे तिकडे?

विनी