थॉमसरावांचे डबे

॥ श्री ॥

खराडी, पुणे
१९ एप्रिल २०२६

चि. सौ. मुक्ता हीस,
सोजरआक्काचे अ. उ. आ. आम्ही सगळे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवत जा.

हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि कानाचं मशीन लावलं की शेजारणीचा मिक्सर तेवढा स्वच्छ ऐकू येतो. शिवाय मी फोनवर बोलायला लागले की आवाज जिन्यापर्यंत जातो. आजचा विषय जिन्यात जाण्यासारखा नाही.

तू मे महिन्यात येतेस हे वाचून फार बरं वाटलं. यंदा धोंड्याचा महिना आहे. उत्कर्षाच्या लग्नानंतर जावयाला इथे धोंडे खाऊ घालायची पहिलीच वेळ, आणि जावई साहेब! अनारशाचे तांदूळ कधी भिजत घालायचे ते तू आल्यावर ठरवू. त्याआधी एक काम आहे. तुझ्या बॅगेत जागा ठेव. थॉमसरावांसाठी तुमच्या इंग्लंडातलं खायचं आणायचंय. उत्कर्षाने सांगितलंय ते असं: मारमाइट, गोड टोमॅटोच्या रसातल्या घेवड्याच्या बिया, सॅलड क्रीम, वाटाण्याचा हिरवा लगदा, निळी बुरशी आलेलं चीज आणि काळं पुडिंग. पुडिंग ऐकून मला हायसं वाटलं. निदान एक वस्तू तरी माणसाने खाण्यासारखी निघाली.

बाकीच्यांचं काय सांगू! ते इथे आले त्या वर्षीच्या दिवाळीत त्यांच्या ऑफिसातला एक जण तिकडून आला, तेव्हा पहिली खेप आली होती. ते काळं, चिकट मारमाइट बघून मला काकवी वाटली. भाकरीला लावून चांगला मोठा घास घेतला. शी! खारट, कडू, आणि वास ओल्या गोणपाटाचा. बेसिनपर्यंतसुद्धा पोचले नाही. उत्कर्षा म्हणाली की दारूच्या पिंपाच्या तळाशी जो गाळ उरतो त्याचं ते करतात. म्हणजे या लोकांना गाळसुद्धा टाकवत नाही, आणि हे आपल्यावर दीडशे वर्षं राज्य करून गेले.

चीज तर माझ्याच फ्रिजमध्ये ठेवलं होतं, कारण त्यांचा बिघडला होता. दोन दिवसांनी दार उघडलं तर आत उंदीर मेलाय की काय असं वाटलं. दुधाला तोच वास, कोथिंबिरीला तोच, देवाच्या लोण्यालाही तोच. नाकाला पदर लावून दोनदा सोड्याने फ्रिज पुसला. चीज मात्र टाकायचं नाही, कारण बुरशी हीच त्याची चव. आणि तो वाटाण्याचा लगदा बघून मला उत्कर्षाच्या तान्हेपणीचे लंगोट आठवले. याहून जास्त लिहीत नाही, तू जेवत असशील.

तू म्हणशील, एवढी किळस येते तर अंगावर कशाला ओढून घेतेस? थॉमसरावांना ऑफिसने विचारलंय, पुण्यात राहणार की परत जाणार. जूनअखेर उत्तर द्यायचंय. उत्कर्षा म्हणते त्यांचं मन इथे लागत नाही, जेवणाचे हाल होतात. तुला माहीतच आहे, यांच्या बायपासच्या वेळी ती दहा वर्षांनी घरी आली आणि मी तिला जाऊ दिलं नाही. नवऱ्यालाच इकडची बदली मागायला लावली. आता दोन वर्षं झाली, दोन जिने वर राहते, रोज तिचं तोंड दिसतं. ती परत गेली तर मी काय करू, मुक्ता? म्हणून म्हटलं, अडला हरी. पुढचं म्हणत नाही, जावई आहे.

हे म्हणतात, जावई रविवारी आपल्याकडे तीन भाकरी हाणतो, त्याचे कसले हाल? पण यांना भूक आणि भीड यांतला फरक कधी कळला नाही.

महिपतरावांना नमस्कार. डबे जाड कपड्यात गुंडाळून आण, आणि त्यांच्या वासाने माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी
सोजरआक्का


कॉव्हेंट्री
२३ एप्रिल २०२६

ती. सौ. आक्का हीस,
मुक्ताचा सा. न. वि. वि. तुझं पत्र मी महिपतरावांना मोठ्याने वाचून दाखवलं. लंगोटाशी आले तेव्हा ते नेमका वाटाण्याचा लगदाच खात होते. ताट तसंच सारलं. तुझा आशीर्वाद लागला म्हणायचं.

डबे आणते. पण काळ्या पुडिंगचं तेवढं विसर. ते गोड नसतं गं बाई. डुकराचं रक्त, चरबी आणि भरडलेलं धान्य आतड्यात भरून शिजवतात आणि चकत्या करून सकाळी सकाळी तळून खातात. असलं काही विमानातून आणताही येत नाही, आणि येत असतं तरी माझ्या साड्यांच्या घडीत मी ते ठेवलं नसतं.

एक मात्र नवल वाटतं. गेल्या वर्षी थॉमस एकटा कामासाठी आला होता तेव्हा आमच्याकडे जेवला. मी मुद्दाम त्याच्या पद्धतीचं केलं होतं. सगळं मुकाट्याने खाल्लं आणि मग लाजत विचारलं, घरात ठेचा आहे का म्हणून. असो. नवरा बायकोजवळ बोलतो ते मावशीजवळ थोडंच बोलेल.

आणि चीजच्या वासाला फार नावं ठेवू नकोस. मी इथे नवी असताना एकदा सुकट भाजली, तर वरच्या बाईंनी आगीचा बंब बोलावला. बंबवाले घरात आले, नाक दाबून उभे राहिले आणि मला विचारलं की नक्की काय मेलंय. लाजेने जीव जायची वेळ आली. त्यानंतर वर्षभर मी सुकटाचं नाव काढलं नाही.

वीस मेला पहाटे पोचते. दाजींना साष्टांग नमस्कार, उत्कर्षा-थॉमसला गोड पापा. धाकटीवर लोभ आहेच, तो जावयापेक्षा कमी नसावा ही विनंती.

तुझी
मुक्ता


॥ श्री ॥

खराडी, पुणे
४ मे २०२६

चि. सौ. मुक्ता हीस,
अ. उ. आ. पत्र लिहायला उशीर झाला. हात चालत नव्हता.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मला उलट धीर आला होता. बाकी सगळे प्रकार परक्या मुलखातले, पण हे काळं पुडिंग म्हणजे आपली रक्तीच की! आई जत्रेच्या बोकडाची करायची ती. म्हटलं, तू आणू शकत नाहीस तर मी करते, जावयाला आपल्या घरची चव मिळाल्यासारखं होईल. रविवारी खाटकाकडून रक्त आणवलं, मीठ घालून उकडलं, थिजल्यावर वड्या पाडल्या आणि कांदालसणावर खमंग परतल्या. तिखट जपून घातलं.

उत्कर्षा त्या दिवशी बिबवेवाडीला मैत्रिणीकडे गेली होती. थॉमसराव एकटेच खाली आले. मी ताट मांडलं आणि सांगितलं, हे तुमचं ब्लॅक पुडिंग. त्यांनी ते नीट ऐकलं असं वाटलं नाही. दोन वड्या खाल्ल्या, छान म्हणाले, मग कशाचं आहे विचारलं. यांनी बोकड, मान आणि सुरी असं सगळं हातवारे करून दाखवलं. तो गोरा माणूस आणखी कसा पांढरा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. तोंडावर हात धरून पळाले ते बेसिनपाशी. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे धावले. हे एकटे शांतपणे जेवत होते.

तोंड धुऊन आले आणि आपल्या मोडक्या मराठीत माफी मागायला लागले. म्हणाले, आई, मी असलं कधीच खाल्लं नाही, माझ्या घरी कुणी खात नाही. मी म्हटलं, मग मागवलंत कशाला? तर म्हणतात, मी काहीच मागवलं नाही. मारमाइटची बाटली उघडली की ते खोलीबाहेर जाऊन उभे राहतात. ऑफिसला त्यांनी कधीच सांगून ठेवलंय की मला पुण्यातच राहायचंय. मी विचारलं, मग ते डबे कुणाचे? बोटाने वरच्या मजल्याकडे दाखवलं. मग म्हणाले, तिचे.

मला वेडीला आधी आनंदच झाला. वाटलं, पोरीला डोहाळे लागलेत आणि सांगायला लाजतेय. पण दोन वर्षं कुणाला डोहाळे लागतात?

संध्याकाळी ती आली तेव्हा मी सरळ विचारलं. रडेल, उडवून लावेल असं वाटलं होतं. तसलं काही केलं नाही. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि मला नीट ऐकू जावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आई, मला तुझ्या हातचं गिळवत नाही."

फोडणीच्या तेलाचा वास आला की तिचा घास तोंडातच फिरतो. खाली माझ्याकडे चार घास कसेबसे ढकलायचे आणि वर जाऊन डबा फोडून ओट्यापाशी उभ्यानं खायचं, असं चाललंय. जावयाचं नाव पुढे केलं कारण जावयाने मागितलेलं मी नाकारणार नाही हे तिला ठाऊक. तिच्या नावावर असले डबे मी घरात येऊ दिले असते का, असं तिने विचारलं. नसते दिले. हे खरं आहे. परत जायचंय तेही तिलाच. इथे आल्यापासून तिला पाहुणी आल्यासारखं वाटतं म्हणे.

मी तिच्या डब्यांची शिसारी चारचौघींत सांगत फिरले आणि ती माझ्या ताटाची शिसारी मुकाट्याने गिळत बसली. रात्री भांडी घासल्यावर मी माझ्या हातांचा वास घेऊन बघितला. कांदा, लसूण, तेल. रोजचाच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि तरीसुद्धा पुन्हा साबण लावला.

तू तिची मावशी. तुझं ती ऐकते. तिला फोन कर आणि समजाव. आईला सोडून जाऊ नको म्हणावं. तेल मी कमी करीन, सुकट बंद करीन, काय म्हणेल ते करीन. एवढं माझ्यासाठी कर आणि आईमागे तू माझी आहेस हे दाखव.

तुझी
आक्का


कॉव्हेंट्री
८ मे २०२६

ती. सौ. आक्का हीस,
सा. न. वि. वि. उत्कर्षाशी तासभर बोलले. थॉमसशीही बोलले. त्याला जायचं नाही, पण तिला तिथे ठेवून सुखाने भाकरी खाणं त्याला जमणार नाही असं म्हणाला. जावई म्हणून सोन्यासारखा आहे.

आता तू रागावशील ते लिहिते. मी तिला समजावलं नाही, आणि समजावणार नाही. आक्का, मी पुण्याला आले की तिसऱ्या दिवसापासून तुझी नजर चुकवून भाजीवरचं तेल ताटाच्या कडेला सारते. महिपतराव बाहेर जेवायची निमित्तं काढतात. तुझ्यावरची माया कमी झाली म्हणून नव्हे गं. पोट इकडचं झालं. मी आईच्या चुलीपाशी बसून वाढलेली, माझं झालं, मग अठराव्या वर्षी घर सोडलेल्या पोरीचं होणार नाही का?

तू थांब म्हणालीस तर ती थांबेल, दाजींच्या आजारपणात थांबली तशी. पण मग रोज तुझ्यासमोर बसून चार घास ढकलेल. तसं तोंड तुला रोज बघायचंय का, ते तूच ठरव.

डबे घेतलेत. चीज तीन पिशव्यांत बांधलंय. खरं बोलले त्याची शिक्षा म्हणून लोभ काढून घेऊ नकोस, भेटीत हवं तर दोन धपाटे घाल.

तुझी
मुक्ता


॥ श्री ॥

खराडी, पुणे
१३ मे २०२६

चि. सौ. मुक्ता हीस,
आशीर्वाद देते, पण आज ते अनेकही नाहीत आणि उत्तमही नाहीत. तूसुद्धा? आणि महिपतराव! दर खेपेला ताट पुसून खाऊन आक्का, आक्का करत होते. माझ्या घरात एक धड माणूस निघाला, तो इंग्लंडचा.

दोन दिवस मी घरात फोडणीच केली नाही. तिसऱ्या दिवशी वर गेले आणि उत्कर्षाला म्हटलं, काय खातेस ते मलाही वाढ. तिने पाव भाजला, लोणी लावलं, त्यावर ते काळं फासलं आणि शेजारी घेवडा ओतला. दोन घास मी गिळले. तिसरा जसा आला तसा परत गेला. घाण आहे, मुक्ता. मी जीव ओतून खाल्लं तरी घाण ती घाणच, यात मी बदल करणार नाही. पण ती पोरगी मांडी घालून बसली होती, बोटं चाटत होती, मध्येच ऑफिसातलं काहीतरी सांगून हसत होती. तिने दुसऱ्यांदा घेवडा घेतला. दोन वर्षांत माझ्याकडे तिने कशालाही दुसऱ्यांदा हात पुढे केला नाही, आणि मला वाटायचं बारीक राहायचं खूळ आहे.

खाली आले तर थॉमसराव यांच्याजवळ बसून भाकरी थापायला शिकवा म्हणत होते. यांना भाकरी थापता येते असं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. दोघांचीही तोंडं उतरलेली. लेक घरी जायला निघालीय आणि परदेशी जाणार आहे तो जावई, असं हे आमचं उलटं खटलं.

धोंडे करायचेच आहेत. तेवीस तारखेचा शनिवार धरलाय. तुझ्या पानात तेल वेगळं वाढीन, चोरून कडेला सारू नकोस. हे गाडी घेऊन विमानतळावर येतील. जशी आहेस तशी ये, आणि राहिलेला लोभ समोर बसून माग.

तुझी
सोजरआक्का

ता. क. वर लिहायचं टाळत होते. काल रात्री मी उत्कर्षाला माझ्या तोंडाने सांगितलं, जा बाई, माझी ना नाही. ती लगेच बरं म्हणाली. एकदा तरी नको म्हणेल असं मला वाटलं होतं.