अंगठा उठत नाही

२६ डिसेंबर २०२४
आजपासून मी सरकारी माणूस. कंत्राटी असलो म्हणून काय झालं! निघताना सोनालीनं ही डायरी दिली आणि पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात माझं नाव लिहिलं, अमरसिंह. साहेब झाल्यावर स्वतःचं नाव विसरशील म्हणे. बहीण कसली, सासूच आहे.

गाव लोहाऱ्याहून जीपनं अर्धा तास. ग्रामपंचायतीची इमारत भूकंपानंतरची, भक्कम. धान्य असो की निराधारांचा पगार, इथल्या यंत्रावर ज्याचा त्याचा अंगठा जुळला तरच मिळतो. एकाच्या नावावर दुसऱ्यानं उचलू नये, हे बघायला जिल्ह्यानं मला ऑपरेटर म्हणून पाठवलंय. ग्रामसेवक बिभीषण साहेबांनी हार घातला, शिपाई उत्तरेश्वरनं चहा आणला. संगणकाचा पासवर्ड कागदावर लिहून चक्क पडद्यावर चिकटवलेला होता. मी तासाभरात सगळे पासवर्ड बदलले आणि भिंतीवर सूचना लावली: आपला पासवर्ड व आपला अंगठा कोणालाही देऊ नये.

व्हरांड्यातल्या बाकावर एक दाढीवाला दिवसभर बसलेला होता. हातात रिकामी पिशवी. कोण आहे विचारलं तर साहेब म्हणाले, असाच आहे. मी यंत्र पुसायला घेतलं तसा तो धावत आत आला आणि त्यावर तळहात दाबून उभा राहिला. मग मला अंगठा दाखवला. एक रेघ नाही, स्टीलच्या वाटीच्या बुडासारखा गुळगुळीत. मला हसूच आलं. उत्तरेश्वरला सांगून त्याला बाहेर काढलं. कार्यालयात उपरी माणसं नकोत, हा सुरक्षेचा पहिला नियम.

३० डिसेंबर
येळवस, म्हणजे वेळा अमावास्या. सगळं गाव शेतात. साहेबांनी मला आपल्या शेतातल्या कडब्याच्या कोपीवर नेलं. भज्जी, उंडे, खीर, वर गार आंबील. पोटाला तडस लागेपर्यंत जेवलो. शेजारच्या शेतातल्या कमलबाई, सत्तरीच्या, सोडायलाच तयार नव्हत्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी अंगठा उन्हात धरून बघितला. लई ठळक हाय लेकराचा, म्हणाल्या. आजूबाजूच्या बायका खूश झाल्या. इतकी माया अनोळखी माणसावर कोण करतं?

बाकावरचा माणूस लांब बांधावर बसला होता. त्याला कुणी जेव म्हणालं नाही.

२ जानेवारी २०२५
धान्यवाटप. कमलबाईंचा अंगठा उठेना. जन्मभर खुरपून रेघा पार झिजल्यात. ओल्या फडक्यानं पुसला, तेल लावलं, दहाही बोटं करून बघितली. दिवा लालच. त्या म्हणाल्या, दोन महिनं झालं दाणा न्हाय, आमी काय माती खावी व्हय? यंत्र तरी धड आहे का बघू म्हणून माझा अंगठा टेकवला.

हिरवा दिवा. पडद्यावर कमलबाईंचं नाव, फोटो, धान्य मंजूर.

हे होऊच शकत नाही. वर कळवायला हवं होतं. पण म्हातारीनं पोतं छातीशी धरलं आणि मी पुढचं नाव पुकारलं.

६ जानेवारी
बाहेर रांग. ज्याचा उठत नाही, त्याच्यासाठी माझा उठतो. आज एकतीस जण झाले. साहेब म्हणाले, पुण्याचं काम आहे. अंगठा चुरचुरतोय. सूचना मात्र माझ्या डोक्यावरच लटकलेली आहे, लाज वाटते.

१५ जानेवारी
फोन अंगठ्यानं उघडेना. हजेरीच्या यंत्रानंही ओळखलं नाही. थंडीनं असेल.

ज्यांचे अंगठे चांगले उठतात तेही आता माझाच मागतात. आपला कशाला झिजवायचा, असं एक जण हसत म्हणाला. आज मी नाही म्हणालो. कुणी रागावलं नाही. दोघांनी माझं मनगट धरलं, उत्तरेश्वरनं अंगठा काचेवर दाबला. रांग संपेपर्यंत. मग त्यानंच मला चहा दिला.

२४ जानेवारी
तालुक्याला गेलो. खिडकीवरच्या माणसानं माझा आधार नंबर टाकला, म्हणाला असा कुणी नाही. चेहऱ्यावरून बघा म्हटलं. त्यानं कॅमेरा तीनदा पुसला.

अंगठ्यावर एकही रेघ नाही.

२९ जानेवारी
फोन आता चेहऱ्यानंही उघडत नाही. उत्तरेश्वरच्या फोनवरून आईला लावला. ती म्हणाली, मला एक सोनालीच. मी रडलो, तिच्या हातावरचा भाजल्याचा डाग सांगितला. मागून सोनाली विचारत होती, कोण आहे. आई म्हणाली, कुणी न्हाय.

३ फेब्रुवारी
साहेब डबा खात होते. त्यांनी घास थांबवला नाही. चारशे बारा कार्डं आहेत, गावानं उपाशी मरायचं का, म्हणाले. आधीचा ऑपरेटर दोन वर्षं पुरला. तुमचा हात नाजूक, महिन्यात संपला. नवीन माणसाची मागणी पाठवलीय.

आधीचा कोण, मी विचारलं. त्यांनी बाकाकडे बोट केलं. बाक रिकामा. परवा मेला, म्हणाले. मृत्यूचा दाखला निघाला नाही. नावच सापडेना.

१० फेब्रुवारी
जीपवाला थांबत नाही. थांबला तरी बसू देत नाही. कमलबाईंच्या दारात भाकर मागितली. कोण रं तू, म्हणाल्या. कडी लावून घेतली. आत चूल पेटलेली होती — माझ्याच अंगठ्याचे गहू —

पहिल्या पानावर सोनालीनं काय लिहिलं होतं? तिथं शाईचा डाग आहे. अमर — पुढं —

१९ फेब्रुवारी
बाकावर बसतो. त्याची पिशवी इथंच होती. घेतली.

३ मार्च
नवीन ऑपरेटर आली. दीपमाला. हार घातला तिला. भिंतीवरची सूचना वाचून म्हणाली, छान लिहिलीय. मी यंत्रावर हात ठेवला. सांगायला तोंड उघडलं, पण — उत्तरेश्वरनं बाहेर —

५ मार्च
ती चांगली आहे. स्वतःच बाहेर आली. काका, तुमचं धान्य मिळालं का, म्हणाली. मी अंगठा दाखवला. तिचे डोळे भरले. थांबा, माझा लावून बघते, म्हणाली. यंत्राची बॅटरी उतरलीय म्हणून चार्जरची वायर आणायला आत गेलीय.

आली की म्हणायचं, नको. एवढंच. एक शब्द.

चार दिवस पोटात काही नाही. आतून गव्हाचा वास येतोय. नको म्हणायचं. नको. लिहून ठेवतो म्हणजे —

आली. विचारतेय, लावू का? आत्ता म्हणायचं, आत्ता — मी पिशवी पुढं के —