करड्या शेवया

प्रिय धम्मानंद,

हे फोनवर बोलता आलं नसतं. तुझा फोन आला की आई शेजारी येऊन बसते, आणि मग आपण जेवणखाणाचंच बोलत राहतो.

माझं प्लांटवर नेमकं काम काय, असं तुझ्या सुरुचीनं मागे विचारलं होतं. कोळशाचा धूर चिमणीत जाण्याआधी आमच्या यंत्रातून जातो. आत लोखंडी पत्र्यांच्या उंच रांगा, मधे विजेच्या तारा. विजेमुळे धुरातली राख पत्र्यांना चिकटते, हातोड्याचे ठोके बसले की खाली पडते. होळीच्या आधीपासून त्यातले दोन कप्पे बंद आहेत. तारा तुटल्यात. दुरुस्तीला आत शिरायचं तर वीजनिर्मिती थांबवावी लागते. मी पुन्हा पुन्हा लिहून दिलं. साहेब म्हणतात, उन्हाळा जाऊ द्या, मागणी उतरू द्या.

मागल्या आठवड्यात शेजारच्या पार्वतीबाई दारात आल्या. गच्चीवर वाळत घातलेल्या शेवया ताटात होत्या, करड्या झालेल्या. ही तुमच्या प्लांटचीच राख, म्हणाल्या. त्यांचा नातू दम लागून दवाखान्यात आहे. मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली. "माही नंदिनीच थे मशीन पाहते. तिच्या हातून राख सुटन काय वं?" पार्वतीबाई ताट घेऊन निघून गेल्या. त्या खरं बोलत होत्या, हे मी आईला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "असन. पण मी कशी म्हणू?"

परवा मी दुपारीच घरी आले. आई मागच्या खोलीत तोंडाशी उशी धरून खोकत होती, धाप लागेपर्यंत. मला पाहताच उशी ठेवून चहा टाकायला उठली. दवाखान्यात चल म्हटलं तर ऐकेना. खूप विचारल्यावर बोलली, "इंजिनेरची मायच खोकून राहिली म्हणतीन लोक. तुले काहून ऐकावं लागावं?"

मी तशीच पार्वतीबाईंकडे गेले आणि बंद कप्प्यांचं सगळं सांगून टाकलं. सोमवारी गावातली माणसं तक्रार घेऊन नागपूरला जाणार आहेत. मीही त्यांच्यासोबत जाणार आहे. नोकरी राहील असं वाटत नाही. आईला अजून काही ठाऊक नाही. जिथे तिनं माझी बाजू घेतली, तिथेच आता तिला बायकांचं बोलणं ऐकावं लागेल. म्हणून रविवारीच ये आणि तिला तुझ्याकडे पारशिवनीला घेऊन जा. सुरुचीचे दिवस भरत आलेत, तिला सोबत हवी, एवढंच सांग. माझं नाव काढलंस तर ती यायची नाही. आणि पोचल्यावर आधी छातीच्या डॉक्टरांना दाखव. मी जवळ नसले म्हणजे ती मोकळेपणी खोकेल.

तुझीच,
नंदिनीताई